संच मोडू नका
जुने कॉमिक्स, जुने खेळ : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : घराची कौलं परतताना पोटमाळ्यावर वडिलांची पत्र्याची ट्रंक सापडली. आत इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक आहेत. वेताळ, मॅन्ड्रेक, बहादूर. शिवाय अमर चित्र कथेची पुस्तकं. काही अंक वडिलांनी एकत्र बांधून घेतलेत. १२२ नंतर एकदम १२५ येतो, मधले दोन हरवलेले दिसतात. बऱ्याच अंकांच्या पिना गंजल्यात, पानं सुटलीत. बाईंडरकडून नीट करून घेऊ का? कणकवलीचे एक गृहस्थ सगळी ट्रंक एकरकमी घ्यायला तयार आहेत. किंमत कशी ठरवायची?
— निवृत्त शिक्षक, आचरे

उत्तर : गुरुजी, बाईंडरचं आधी सांगतो, कारण तुम्ही त्याच्याकडे जाण्याआधी हे तुमच्यापर्यंत पोचायला हवं. काहीही नीट करून घेऊ नका. सेलोटेप नाही, डिंक नाही, लॅमिनेशन तर नाहीच. सेलोटेपचा चिकटा काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात उतरतो आणि तो डाग मग निघत नाही. बाईंडर अंक शिवताना तीन बाजूंनी कडा कापतो. चित्रांची कड त्यात गेली की कुठलाही संग्राहक त्या अंकाला पूर्ण मानत नाही. वडिलांनी बांधून घेतलेले गठ्ठे आहेत तसेच राहू द्यात. शिवण उसवून सुटे करायला गेलात तर पाठीकडचा कागद फाटेल.

आता १२३ आणि १२४. ते तुमच्या घरातून हरवलेले नाहीत, ते निघालेच नव्हते. त्या वेळी इंद्रजाल काढणाऱ्या टाइम्स ऑफ इंडियात संप होता आणि ते दोन क्रमांक कायमचे रिकामे राहिले. इंद्रजाल मार्च १९६४ मध्ये सुरू झालं, १९९० मध्ये बंद पडलं. क्रमांक ८०५ पर्यंत जातात, पण प्रत्यक्षात निघालेले अंक ८०३. तेव्हा त्या दोन अंकांसाठी कोणी तुमच्याकडून किंमत कमी करून मागत असेल तर ऐकू नका.

अंक तपासायला कोरडा दिवस निवडा. टेबलावर जुनी धुतलेली चादर पसरा, हात धुऊन पूर्ण कोरडे करा. अंक पालथा न घालता बरोबर मध्यावर उघडा, दोन पिना दिसतात तिथे. गंज नुसता पिनेवर असेल तर चिंता नाही. पिनेभोवती कागदावर तांबूस वलय आलं असेल तर तिथला कागद ठिसूळ झालेला असतो, आणि मधला जोडकागद, म्हणजे चार पानं, तिथूनच निसटतो. म्हणून पानं मोजा आणि मध्यावरची गोष्ट सलग लागते का ते वाचून बघा. हरवलेलं मधलं पान हा या अंकांतला सगळ्यात मोठा दोष, आणि विकणारा तो बहुधा सांगत नाही. नंतर जाहिरातीचं प्रत्येक पान उलटा. मुलांनी कूपन कापलेलं असतं तेव्हा त्याच्या मागची चित्रंही गेलेली असतात. सुटलेलं पान पिनेत खुपसू नका, त्याच्या जागी नुसतं ठेवून द्या. हे सगळं वहीत अंकवार लिहा : क्रमांक, साल, नायक, पानं पूर्ण की अपूर्ण, मुखपृष्ठ जोडलेलं की सुटं, नाव किंवा शिक्का आहे का.

वही झाल्याशिवाय भावाची गोष्ट करू नका. अमेरिकेत यासाठी ०.५ ते १० अशी दर्जाची मोजणी आहे आणि १९७० पासून ओव्हरस्ट्रीटची छापील दरसूची निघते, पण ती तिकडच्या अंकांची. आपल्या मराठी अंकांचा भाव एकाच गोष्टीवरून काढता येतो. तोच क्रमांक, तीच भाषा, तशीच अवस्था असलेला अंक प्रत्यक्षात कितीला विकला गेला ते बघायचं. इंटरनेटवर लोक मागतात ते आकडे सोडून द्या. मागणं कोणीही काहीही मागतो, व्यवहार झालेला आकडाच खरा. सुपरमॅनचा पहिला अंक, १९३८ चा ॲक्शन कॉमिक्स क्रमांक १, २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला गेला, ही बातमी वाचून बरेच जण मला पत्रं लिहितात. त्या किमतीमागे त्या नायकाचा जन्म आहे. तोच निकष आपल्याकडे लावा. वेताळ १९३६ पासून अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत येत होता, म्हणजे इंद्रजालमध्ये तो जन्मलेला नाही. बहादूर मात्र इथलाच. आबिद सुरती यांनी घडवलेला हा नायक डिसेंबर १९७६ मध्ये इंद्रजालमध्येच पहिल्यांदा आला. तुमच्या ट्रंकेत त्या महिन्यांतले अंक असतील तर ते वेगळ्या कागदात गुंडाळून ठेवा. १९६४ मधले सुरुवातीचे अंकही तसेच.

अमर चित्र कथेचं गणित वेगळं आहे. १९६७ पासून ती पुस्तकं पुन:पुन्हा छापली गेली, त्यामुळे जुनं दिसणारं पुस्तक पहिल्या छपाईचं असेलच असं नाही. दोन खुणा बघा. प्रकाशकाच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर ते पुस्तक १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं, कारण पिनकोडच त्या दिवशी सुरू झाला. आणि मागच्या बाजूला पुस्तकांची यादी असेल तर तिच्यातला शेवटचा क्रमांक हातातल्या पुस्तकाच्या क्रमांकाहून फार पुढचा आहे का ते पाहा. असेल तर ती पुनर्मुद्रित प्रत. वाचायला तितकीच सुंदर, भाव मात्र कमी.

एकरकमी देऊ नका. असा खरेदीदार बहुधा निवडक अंक काढून घेतो आणि उरलेले रद्दीच्या भावात फुंकतो. क्रमश: गोष्टींचे दोन-तीन भाग असतील ते तर कधीच वेगळे विकू नका. पहिला भाग एकाकडे आणि दुसरा दुसऱ्याकडे गेला की ते पुन्हा भेटत नाहीत, हे मी रत्नागिरीत इतक्या वेळा पाहिलंय की सांगताना आजही जिवाला लागतं. आणि ट्रंक जांभ्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, पावसाळ्यात चिरा ओल सोडतो. लाकडी फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. डांबरगोळ्या कागदाला लागू देऊ नका. प्लास्टिकची पिशवी पॉलिप्रॉपिलीनची घ्या, वास मारणारी पीव्हीसीची नको.

प्रश्न : २०२१ च्या जुलैमधल्या पुरात आमची कॉमिक्स भिजली. वाळवून ठेवली, पण गुळगुळीत मुखपृष्ठं एकमेकांना चिकटलीत आणि कुबट वास जात नाही.
— गृहिणी, चिपळूण

उत्तर : ताई, चिकटलेली मुखपृष्ठं ओढू नका, रंग निघून येईल. ती तशीच राहू द्या. वाळलेला गाळ आणि बुरशी मऊ ब्रशने झाडा, तेही ओटीवर, नाकातोंडाला मास्क लावून. वासासाठी झाकणाच्या मोठ्या डब्यात अंक उभे ठेवा आणि त्याच डब्यात वाटीत खाण्याचा सोडा ठेवा, कागदाला न लागता. सोडा अधूनमधून बदला. कडक उन्हात घालू नका, रद्दीच्या जातीचा कागद उन्हात पिवळा पडून तुटायला लागतो. आणि देव न करो, पण पुन्हा कधी भिजलेच, तर दोन दिवसांच्या आत पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, मग सवडीने थोडे थोडे बाहेर काढून वाळवता येतात.

प्रश्न : मामाने मस्कतहून येताना त्याचं जुनं प्लेस्टेशन आणि ‘फायनल फँटसी ९’च्या चार डिस्क आणल्या. यंत्र चालत नाही, म्हणून डिस्कची कॉपी करून लॅपटॉपवर रेट्रोआर्कमध्ये (जुन्या यंत्रांचे खेळ संगणकावर चालवणारा प्रोग्राम) खेळतोय. पहिली डिस्क संपली. दुसरी उघडली तर माझं सेव्हच, म्हणजे आतापर्यंतच्या खेळाची नोंदच, दिसत नाही! तिसरी डिस्क मी आयएसओ या प्रकारच्या फाइलमध्ये कॉपी केली, तिच्यातला व्हिडिओ सुरू होताच अडकतो. आणि कॉपी झाल्यावर मूळ डिस्क विकल्या तर चालतील का?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, गुहागर

उत्तर : तुझं सेव्ह गेलेलं नाही. खऱ्या यंत्रावर आपण झाकण उघडायचो, डिस्क बदलायचो, झाकण लावायचो. तेवढ्या वेळात खेळ चालूच असायचा आणि सेव्ह ज्यावर साठतं ते मेमरी कार्डही तेच असायचं. तू दुसरी डिस्क वेगळा खेळ म्हणून उघडलीस. रेट्रोआर्क सेव्हच्या फाइलला उघडलेल्या फाइलचं नाव देतं, म्हणून दुसऱ्या डिस्कसाठी त्याने नवं कोरं कार्ड तयार केलं.

यावर उपाय एम३यू (.m3u) फाइलचा, म्हणजे डिस्कच्या फाइलची नुसती यादी. चारही डिस्कच्या फाइल एका फोल्डरमध्ये ठेव. नोटपॅडमध्ये एका ओळीत एक, अशी चारही फाइलची नावं क्रमाने लिही. डिस्कची कॉपी क्यू आणि बिन अशा दोन फाइलच्या जोडीत असेल (बिनमध्ये डिस्कवरचा मजकूर, क्यूमध्ये त्याची मांडणी) तर क्यूचं नाव लिहायचं, बिनचं नाही. नाव अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे, मोकळी जागासुद्धा. ती फाइल एम३यू या शेपटीने सेव्ह कर आणि यापुढे तीच उघड. आता सेव्हच्या फोल्डरमध्ये जा. तिथे पहिल्या डिस्कच्या नावाची एसआरएम फाइल असेल. तिची प्रत काढ आणि प्रतीला तुझ्या एम३यू फाइलचं नाव दे, शेपटी एसआरएमच राहू दे. एम३यू उघडलीस की पहिल्या डिस्कमधले सगळे तास परत हातात येतील. खेळ दुसरी डिस्क मागेल तेव्हा क्विक मेनूत डिस्क कंट्रोल उघड, इजेक्ट कर, क्रमांक बदल, इन्सर्ट कर. म्हणजे झाकण उघडून लावल्यासारखंच. सेव्ह नेहमी खेळातल्या कार्डावर करत जा, नुसत्या सेव्ह स्टेटवर, म्हणजे रेट्रोआर्कने टिपून ठेवलेल्या त्या क्षणावर, विसंबू नकोस. एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, बदलला की स्टेट निरुपयोगी ठरते, कार्ड मात्र दुसरीकडेही चालतं.

तिसऱ्या डिस्कचा आयएसओ काढून टाक. प्लेस्टेशनच्या सीडीवर एक सेक्टर, म्हणजे माहितीचा एक कप्पा, २३५२ बाइटचा असतो, आयएसओत त्यातले २०४८ उरतात. या खेळांचे व्हिडिओ आणि आवाज ज्या सेक्टरमध्ये असतात ते त्यात अर्धवट येतात, म्हणून व्हिडिओ अडकतो. इमेजबर्न या प्रोग्रामने ती डिस्क पुन्हा बिन-क्यूमध्ये वाच. जागा वाचवायची असेल तर नंतर सीएचडी या दाबून लहान केलेल्या प्रकारात बदल, एम३यूतली नावं मात्र तेवढीच बदल. एवढं करूनही खेळ भलत्याच ठिकाणी थिजला, तर डिस्कवरचा कोड बघ. एसएलईएसने (SLES) सुरू होत असेल तर ती युरोपातली आवृत्ती आहे, आखातातून येणाऱ्या डिस्क बहुधा त्याच. या खेळाच्या युरोपीय डिस्कवर लिबक्रिप्ट नावाचं कुलूप होतं. त्याची किल्ली डिस्कच्या अशा भागात असते जो बिन-क्यूत उतरत नाही. त्यासाठी प्रत्येक डिस्कची एसबीआय नावाची छोटी फाइल लागते, ती त्या डिस्कच्याच नावाने शेजारी ठेवायची.

मूळ डिस्क मात्र विकू नकोस. त्या विकल्यावर तुझ्याकडची कॉपी कसली राहिली? डिस्क दुसऱ्याच्या मालकीची झाली आणि तिची कॉपी तुझ्याकडे, हे मला पटत नाही, कायद्यालाही पटणार नाही. शिवाय तुझ्या हातात काय आहे ते आधी बघ. डिस्क पालथी कर. अस्सल प्लेस्टेशन डिस्कची खालची बाजू काळी असते, चंदेरी किंवा हिरवट-निळी असेल तर ती नक्कल. मग चारही कोड शेजारी लिही. युरोपीय संचात पाच आकड्यांपैकी शेवटचे चार सारखे असतात आणि पहिला ०, १, २, ३ असा चढतो. एखादा जुळला नाही तर ती डिस्क दुसऱ्याच संचातून आलेली आहे. पुसताना मधून कडेकडे सरळ पूस, गोल गोल नाही. आणि चित्राच्या बाजूवर ओरखडा पडू देऊ नकोस. चकाकणारा थर त्या बाजूलाच, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. खालच्या बाजूचा ओरखडा घासून घालवता येतो, वरचा नाही.

या खेळासोबत छापील पुस्तिका आणि जाड डबी यायची. ती मस्कतला राहिली असेल तर मामाला पुढच्या खेपेला घेऊन यायला सांग.