ठासणीची दारू: मापाने की वजनाने?

प्रश्न: आजोबांची ठासणीची बंदूक आता माझ्या लायसन्सवर आलीय, काजूत डुकरं येतात. ते दारू चिमटीने घालायचे. मी वजन करू का? – एक वाचक, राजापूर

उत्तर: चिमूट आधी विसरा. काळी दारू मापाने भरतात पण आकडा ग्रेनमध्ये सांगतात (1 ग्रॅम म्हणजे 15.43 ग्रेन), तिथेच घोळ होतो. माप काठोकाठ भरा, वरून सपाट करा, मग काट्यावर चारपाच वेळा तोलून बघा, दरवेळी जवळपास सारखं यायला हवं. पायरोडेक्स (काळ्या दारूऐवजी वापरतात ती तयार दारू) हलकी असते, तेवढ्याच वजनाची घातलीत तर जास्त होते, तिथे मापच धरा. बिनधुराची (आजच्या काडतुसांतली) दारू अजिबात नको, नळी फुटते. आणि डब्यातून थेट नळीत ओतू नका हो, आत निखारा राहिलेला असतो कधीकधी. किती ग्रेन ते बंदूक कारागिराला दाखवूनच ठरवा.