सिबिल ‘साफ’ करून देणाऱ्याला पंधरा हजार द्यायचे का?

गेल्या अंकात गृहकर्जावर लिहिलं आणि पत्रं आली ती निम्म्याहून जास्त सिबिलवर, म्हणजे कुणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या कंपनीवर आणि तिच्या रिपोर्टवर. मी कर्ज विभागात रुजू झाले तेव्हा सिबिल नावाची चीजच नव्हती. अर्जदाराला आम्ही गावातल्या सगळ्या बँकांचे आणि सोसायटीचे बेबाकी दाखले (काही येणं बाकी नाही असे) आणायला पिटाळायचो. संध्याकाळी आमचे शिपाईमामा त्याच्या किराणा दुकानदाराकडे उधारीची हळूच चौकशी करून यायचे. मामांचा अंदाज सहसा चुकत नसे, पण चुकला तर त्या बिचाऱ्या अर्जदाराला ते कधी कळायचंही नाही. आता निदान रिपोर्टचा कागद हातात मिळतो. तो उघडून बघायचा मात्र लोकांना अजून धीर होत नाही. आज चार पत्रं घेते.

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात शिक्षक आहे. घरासाठी २५ लाखांचं कर्ज मागितलं, तर बँकेनं ‘सिबिल खराब’ म्हणून अर्ज परत केला. २०२० मध्ये पगार रखडल्यामुळे क्रेडिट कार्डाचे ६१ हजार थकले होते. वसुलीवाल्यांनी ३८ हजारांत मिटवू म्हटलं, मी भरले, पत्रही मिळालं. आता रिपोर्टमध्ये ‘सेटल्ड’ असं दिसतं. एका ओळखीच्यानं १५ हजारांत पंधरा दिवसांत सिबिल साफ करून देणारा माणूस सुचवला आहे. द्यावेत का? – एक वाचक, बार्शी

नका देऊ. आणि ओटीपी, पॅन, आधार यातलं काही आधीच दिलं असेल तर आज रात्रीच सगळे पासवर्ड बदला.

आता नीट सांगते. तुम्हाला वाटतंय की प्रकरण मिटलं, आणि पत्रातही तसंच लिहिलं असणार. पण ‘सेटल्ड’चा बँकेच्या भाषेत अर्थ असा की, येणं ६१ होतं, ३८ मिळाले, २३ हजारांवर आम्ही पाणी सोडलं. पुढचा कर्ज देणारा ही ओळ वाचतो तेव्हा त्याला दिसतं की हा गृहस्थ अडचणीत आला तर पूर्ण फेडत नाही. तुमची अडचण खरी होती, हे त्या ओळीत कुठेच लिहिलेलं नसतं. वसुलीच्या माणसांनी हे फोनवर सांगितलं नसेल, कारण त्यांना महिनाअखेरीचा आकडा गाठायचा असतो. मी त्याच खात्यात होते, म्हणून सांगते.

मुद्दा असा की ही नोंद खरी आहे. सिबिल किंवा तशा कुठल्याही कंपनीला कर्ज देणाऱ्यानं दुजोरा दिल्याशिवाय अक्षरही बदलता येत नाही. तो पंधरा हजारवाला काय करणार? तुमच्या नावानं लॉगिन करून वेबसाइटवर तक्रार टाकणार, जी तुम्हाला घरबसल्या फुकट टाकता येते. बँक कळवणार, ‘नोंद बरोबर आहे.’ ओळ होती तिथेच राहणार आणि त्याचा फोन बंद लागणार. वर तक्रार चालू असेपर्यंत रिपोर्टवर तसा शेरा दिसतो आणि काही बँका तेवढ्यावरच फाइल बाजूला ठेवतात.

करायचं ते असं. त्या कार्डाच्या बँकेला लेखी कळवा की राहिलेली रक्कम मला भरायची आहे, नक्की आकडा द्या. वरचं व्याज आणि दंड सोडता का, हे विचारायला लाजू नका, बरेचदा सोडतात. पण पैसे भरण्याआधी एक वाक्य त्यांच्याकडून मेलवर किंवा लेटरहेडवर घ्या : ‘रक्कम मिळाल्यावर खात्याची नोंद सेटल्डऐवजी क्लोज्ड अशी कळवू.’ ते वाक्य मिळेपर्यंत खिशात हात घालायचा नाही. मग चेकनं किंवा एनईएफटीनं भरा. वसुलीवाल्याच्या हातात रोख मुळीच देऊ नका. बेबाकी दाखला मागून घ्या आणि त्याच्या दोन प्रती काढून ठेवा. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना किमान दर पंधरा दिवसांनी सिबिलसारख्या कंपन्यांना माहिती कळवावी लागते, तेव्हा महिन्याभरानं रिपोर्ट पुन्हा बघा.

२३ हजार एकदम जिवावर येतात, मान्य आहे. पण हिशेब करून बघा. २५ लाख, २० वर्षं. साडेआठ टक्क्यांनी हप्ता २१,७०० च्या आसपास बसतो, नऊ टक्क्यांनी २२,५०० च्या. महिन्याला आठशे रुपयांचा फरक, म्हणजे २० वर्षांत १ लाख ९० हजारांच्या वर. आणि तुम्हाला तर सध्या कर्जच मिळत नाहीये.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढच्या महिन्यात रागाचं पत्र येईल. ‘क्लोज्ड’ झालं म्हणजे जुना थकबाकीचा काळ पुसला जात नाही. रिपोर्टमध्ये प्रत्येक कर्जाखाली महिन्यांच्या चौकटी असतात, ३६ महिन्यांपर्यंतच्या. वेळेवर भरलं असेल तर ‘०००’, उशीर असेल तर जितके दिवस तितका आकडा. त्या चौकटींचं ओझं नवे नियमित हप्ते साचत जातील तसं हळूहळू हलकं होतं. ‘सात वर्षांनी सगळं आपोआप उडतं’ हे कट्ट्यावरचं ज्ञान आहे. कायद्यानं नोंद *किमान* सात वर्षं ठेवायची आहे, सातव्या वर्षी खोडायची आहे असं नाही.

आणि तोवर आणखी चार बँकांत अर्ज टाकत सुटू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टमध्ये उमटते आणि माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय असं दिसतं. स्वतःचा रिपोर्ट स्वतः कितीही वेळा बघा, त्यानं स्कोर, म्हणजे परतफेडीच्या नोंदींवरून मिळणारे गुण, कमी होत नाही.

प्रश्न : माझ्या रिपोर्टमध्ये एका फायनान्स कंपनीचं १८,४०० रुपयांचं वस्तूकर्ज दिसतंय, चार हप्ते थकलेलं. मी आयुष्यात हप्त्यावर मिक्सरही घेतलेला नाही. कंपनी म्हणते सिबिलला विचारा, सिबिल म्हणतं कंपनीला विचारा. – एक वाचक, चिपळूण

ताई, तुमचं पत्र वाचून मला माझंच प्रकरण आठवलं. निवृत्त झाल्यावर २०१८ मध्ये सहज म्हणून स्वतःचा रिपोर्ट काढला. इतरांचे हजारो बघितले होते, स्वतःचा कधीच नाही. तर त्यात एक दुचाकीचं कर्ज. मला सायकलसुद्धा धड येत नाही. पत्ता दुसऱ्याच जिल्ह्यातला. मलाही त्या शाखेनं आणि रिपोर्टवाल्यांनी असंच इकडून तिकडे टोलवलं. शेवटी कळलं की कर्जदार बाईंचं नाव-आडनाव माझंच, आणि त्यांचा पॅन टाइप करताना एक आकडा चुकला तो नेमका माझा झाला. पॅनमधलं पाचवं अक्षर आडनावाचं असतं, त्यामुळे बघणाऱ्यालाही शंका आली नाही. दुरुस्त व्हायला साडेपाच महिने गेले. त्या बाईंनी हप्ते मात्र वेळेवर भरले होते, हे त्यांचे उपकार!

आता तुमच्या हातात माझ्यापेक्षा चांगलं हत्यार आहे. २६ एप्रिल २०२४ पासून नियम असा आहे की तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. कर्ज देणाऱ्यानं २१ दिवसांत दुरुस्त माहिती पाठवली नाही तर पैसे त्यानं द्यायचे. त्यानं वेळेत पाठवूनही रिपोर्टवाल्यांनी बदल केला नाही तर त्यांनी. टोलवाटोलवीला आता तारखेची फूटपट्टी लागली आहे. म्हणून फोनवर भांडण्यात वेळ घालवू नका. रिपोर्टवर छापलेला त्या रिपोर्टचा क्रमांक (कंट्रोल नंबर) देऊन वेबसाइटवर तक्रार नोंदवा, त्याच दिवशी फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल करा आणि दोन्हींचे तक्रार क्रमांक कॅलेंडरवर लिहून ठेवा. (स्कोर कमी का, ही तक्रार या भरपाईत बसत नाही. चुकीची नोंद बसते.)

मेलमध्ये एकच गोष्ट ठासून मागा : कर्जाच्या अर्जाची प्रत, सहीसकट, फोटोसकट. कर्ज तुमचं नसेल तर त्यांच्याकडे दाखवायला काही नसतं आणि तिथेच आवाज खाली येतो. अर्जावर तुमचाच पॅन आणि तुमचाच फोटो निघाला, तर मात्र प्रकरण नजरचुकीचं नाही, कुणीतरी तुमचे कागद वापरले आहेत. मग पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा आणि तक्रारीची प्रत कंपनीला पाठवा. झेरॉक्सच्या दुकानात विसरलेलं आधार कुठे कुठे जातं, ते मी बघितलं आहे.

३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या वेबसाइटवर, फुकट, वकील लागत नाही. माहितीसाठी फोन १४४४८. सप्टेंबर २०२२ पासून सिबिलसारख्या कंपन्याही या लोकपालाच्या कक्षेत आहेत, नुसत्या बँका नाहीत.

आणखी एक. आपण सरसकट सिबिल म्हणतो, पण देशात अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. चूक चौघींकडे असू शकते, एकीकडेच असू शकते. प्रत्येकीनं वर्षातून एक संपूर्ण रिपोर्ट स्कोरसह मोफत द्यायचा असतो, २०१७ पासून. मी दर तीन महिन्यांनी एकीचा मागवते. गुढीपाडव्याला सिबिल, मग पुढच्या तिघी. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच काढा. ‘मोफत स्कोर’ देणारी ॲप नंतर कर्ज घ्या म्हणून जीव नकोसा करतात.

प्रश्न : मेहुण्याच्या कर्जाला जामीन राहिलो. त्यानं आठ महिने हप्ते भरले नाहीत. माझं स्वतःचं काहीही थकलेलं नाही, तरी माझ्या रिपोर्टवर ते कर्ज का? हे कायदेशीर आहे का? – एक वाचक, फलटण

आहे. करार कायद्याचं १२८ वं कलम सांगतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. बँक आधी मेहुण्याच्या दारात जाईल आणि मग तुमच्या, असा क्रम तिच्यावर बंधनकारक नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये ते कर्ज ‘गॅरंटर’ म्हणून दिसतं आणि त्याची थकबाकी तुम्हाला नव्या कर्जाच्या वेळी आडवी येते. तक्रार करून ते निघणार नाही, कारण चूक काहीच नाही.

जामीन बदलून घ्यायला बँकेची संमती लागते, आणि आठ महिने थकलेल्या खात्यावर ती मिळेल अशी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही. त्यापेक्षा मेहुण्याला घेऊन शाखेत जा. हो, घेऊनच जा, सासरेबुवांना मध्ये घालून का होईना. थकीत रकमेचे नवे हप्ते पाडून पुनर्रचना करता येते का ते विचारा. वेळ आली आणि तुम्हालाच भरावं लागलं, तर बँकेकडून पावती स्वतःच्या नावानं घ्या. भरणाऱ्या जामीनदाराला कर्जदाराविरुद्ध बँकेचे हक्क मिळतात, ते १४० वं कलम. घरातल्या घरात ते वापरायचं की नाही, हे तुमच्या सौभाग्यवतींना विचारून ठरवा.

प्रश्न : मुलीला (वय २३) नोकरी लागली. तिचा स्कोर उणे १ दाखवतो. कर्ज कधी घेतलेलंच नाही. काही चुकलं का? – एक आई, फोंडा, गोवा

काही चुकलं नाही. स्कोर ३०० ते ९०० मध्ये असतो. उणे १ म्हणजे मोजायला काही नाही, पाटी कोरी. पहिलं कर्ज मागणाऱ्याला केवळ इतिहास नाही म्हणून नाकारू नये, असं बँकांना सांगितलेलं आहे, आणि केंद्र सरकारनं २०२५ च्या ऑगस्टमध्ये लोकसभेतही ते स्पष्ट केलं. इतिहास हवाच असेल तर तिच्या मुदतठेवीवर मिळणारं लहानसं क्रेडिट कार्ड घ्या. मोबाइलचं बिल त्यावर भरायचं आणि कार्डाचं बिल दर महिन्याला पूर्ण, ‘किमान देय’ नव्हे. पगार १ तारखेला होत असेल तर खात्यातून आपोआप कापण्याची तारीख ५ च्या आसपास ठेवून द्या. २८ ला ठेवलेल्या पोरांचे चेक परत आलेले मी ढिगानं पाहिलेत.