नगरपरिषदेच्या प्रारूप विकास आराखड्यात बाजारपेठेतल्या आमच्या दुकानावरून रस्ता दाखवलाय, आता काय करायचं?

लगेच घाबरू नका, आराखडा अजून प्रारूपच, म्हणजे मसुदाच आहे. एमआरटीपी कायदा (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम), 1966 च्या कलम 26 नुसार सूचना प्रसिद्ध झाल्यापासून 30 दिवसांत लेखी हरकत द्या. सोबत मिळकत पत्रिका, भाग नकाशाची (आराखड्यातल्या आपल्या भागाच्या नकाशाची) प्रत आणि रस्त्याची सध्याची रुंदी दिसेल असे फोटो जोडा. आवक शिक्क्याची पोच घ्याच, तोंडी आश्वासनाला काडीची किंमत नसते. पेठेतल्या सगळ्यांनी एकच छापील मजकूर देऊ नये. आपापला सर्व्हे नंबर आणि नेमकी बदलाची मागणी लिहावी. मग नियोजन समितीपुढे सुनावणी होते, तिला स्वतः जा. नगरसेवकाच्या भरवशावर राहू नका. अंतिम मंजुरी राज्य शासनाची. तिथेही रस्ता कायम राहिला, तर मोबदला रोख, टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) की एफएसआय (उरलेल्या जागेवर जादा बांधकामाची मुभा), हे नीट हिशेब करून ठरवा.