शटल म्हणजे कमी डब्यांची गाडी?

प्रश्न : धुळे-चाळीसगाव गाडीला आमच्याकडे सगळे ‘शटल’च म्हणतात. थोरला भाऊ सांगतो, कमी डब्यांची गाडी म्हणजे शटल. मग बॅडमिंटनच्या फुलालाही शटल का म्हणतात?
– एक वाचक, शिरूड

उत्तर : भाऊंना सांगा, डब्यांचा काही संबंध नाही. शटल म्हणजे कापड विणायच्या मागावरचा धोटा. माझे वडील अमळनेरला गिरणीत विणकर, त्यामुळे ही वस्तू लहानपणी भरपूर हाताळली. दोन्हीकडे निमुळतं, गुळगुळीत लाकूड, टोकांना पोलादी टोप्या, पोटात सुताची कांडी. कांडी संपली की नवी घालायची आणि कडेच्या बारीक भोकाला तोंड लावून सूत ओढून घ्यायचं. सुताबरोबर कापसाची धूळही तोंडात जायची, त्याची मात्र कुणी विचारपूस करत नसे. ताण्याच्या उभ्या दोऱ्यांतून हा धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे धावतो आणि मागे बाण्याचा आडवा दोरा सोडत जातो.

इंग्रजीत हा शब्द फार जुना. मुळात फेकून मारायच्या टोकदार हत्याराचं नाव, ‘शूट’च्या भाऊबंदांपैकी. हातमागावर विणकर धोटा हाताने सारायचे. 1733 मध्ये इंग्लंडात जॉन के याने दोरीच्या झटक्याने पळणारा धोटा काढला आणि कापड झपाट्याने निघू लागलं. 19व्या शतकाच्या अखेरीस दोनच ठिकाणांमध्ये सतत ये-जा करणाऱ्या आगगाडीला तिकडे हे नाव पडलं. बॅडमिंटनचं फूलही दोन रॅकेटींमध्ये तेच करतं. 1981 मध्ये अमेरिकेचं स्पेस शटल उडालं, तेही वर जाऊन परत येणारं यान म्हणूनच.

म्हणजे अंतर किती, डबे किती याला महत्त्व नाही. खेपा त्याच वाटेवर हव्यात. धुळ्याहून चाळीसगाव, चाळीसगावहून धुळे. ‘शटल उनी (आली) का?’ असं विचारणारी आपली माणसं नेमकंच बोलतात.

पूर्वी धुळ्याला इंजिन सोडून, दुसऱ्या रुळावरून फिरवून उलट्या टोकाला जोडावं लागे. धोटा असा कधी वळवत नाहीत. त्याला दोन्हीकडे तोंड असतं. आता या मार्गावर मेमू, म्हणजे वेगळं इंजिन नसलेली विजेची गाडी, धावते. तिला दोन्ही टोकांना चालकाची केबिन असते. चालक फक्त या टोकाकडून त्या टोकाला चालत जातो. तेव्हा शटल म्हणायचं तर आधीच्या गाडीपेक्षा हिलाच जास्त शोभतं.