घरच्या संगणकावर ‘मेमरी कमी आहे’ असा इशारा वारंवार येत असेल तर काय करावे?

आपल्या संगणकात ४ जीबी रॅम व विंडोज १० आहे, ब्राउझरसोबत एक्सेल उघडले की हा इशारा येतो आणि जुने फोटो, चित्रपट काढून टाकूनही फरक पडलेला नाही, असे आपण लिहिले आहे. फोटो डिस्कवर असतात, तर चालू प्रोग्राम रॅममध्ये असतात. त्यामुळे फोटो काढून रॅम मोकळी होत नाही. डिस्कचा संबंध येतो तो एवढाच, की रॅम अपुरी पडल्यावर विंडोज तिच्यातील काही भाग सी ड्राइव्हवरील पेजफाइलमध्ये हलवते आणि ती वाढवायला तेथे जागाच नसेल तर इशारा लवकर येतो. म्हणून सी ड्राइव्हवर दहा-पंधरा जीबी मोकळी ठेवावी, पेजफाइलचा आकार विंडोजवर सोपवावा आणि ती बंद करण्याचा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नये.

आता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा व ‘मेमरी’ या रकान्याच्या शीर्षकावर क्लिक करा, म्हणजे सर्वाधिक रॅम वापरणारे प्रोग्राम वर येतील. बहुतेक वेळा पहिला क्रमांक ब्राउझरचाच असतो. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबल्यास कोणता टॅब किंवा कोणते एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) किती मेमरी घेते तेही दिसते. शिवाय त्याच्या सेटिंगमधील ‘मेमरी सेव्हर’ सुरू केल्यास न वापरलेल्या टॅबची मेमरी सोडली जाते. टास्क मॅनेजरच्याच ‘स्टार्टअप’ विभागात, संगणकाबरोबर विनाकारण सुरू होणारे प्रोग्राम बंद करता येतात.

‘रॅम बूस्टर’ म्हणून मिळणाऱ्या प्रोग्रामच्या नादी मात्र लागू नका. त्यांनी वापराचा आकडा खाली येतो खरा, पण काढलेला भाग पुन्हा लागला की बऱ्याचदा तो डिस्कवरून वाचावा लागतो. पसारा माळ्यावर ढकलून घर आवरल्याचे समाधान मानावे तसाच हा प्रकार आहे.

एवढे करूनही भागले नाही तर रॅम ८ जीबी करणे हाच माझ्या मते पैशाचा सर्वांत योग्य वापर ठरेल. त्याआधी सेटिंगमधील ‘अबाउट’ या पानावर विंडोज ३२-बिट आहे की ६४-बिट ते पाहा, कारण ३२-बिट विंडोज १० ला ४ जीबीपेक्षा जास्त रॅम वापरताच येत नाही आणि ६४-बिट आवृत्ती नव्याने टाकेपर्यंत वाढवलेली रॅम वाया जाते. मोकळा स्लॉट, म्हणजे रॅमची पट्टी बसवण्याची खाच, आहे का, हे टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ विभागात कळते. डीडीआर३ प्रकारच्या रॅमच्या जागी डीडीआर४ प्रकारची बसत नाही, म्हणून दुकानात जाताना जुनी पट्टी काढून सोबत न्या.