इंग्रजी न येणाऱ्या मुलाला अमेरिकेतली शाळा कशी मदत करते? फॉर्मवर घरची भाषा काय लिहावी?

तुमचा मुलगा मराठी माध्यमातून चौथी झालाय, जूनमध्ये तुम्ही न्यू जर्सीला येताय, आणि इंग्रजी न येणाऱ्या मुलांसाठी इथली शाळा काय करते हे तुम्हाला हवंय. प्रश्नाच्या खाली तुम्ही अजून एक ओळ टाकलीय: "ओळखीचे म्हणतात, फॉर्मवर घरची भाषा इंग्रजीच लिहा, नाहीतर पोराला ईएसएलमध्ये टाकतात." ईएसएल म्हणजे इंग्रजी न येणाऱ्या मुलांना इंग्रजी शिकवायचे वेगळे तास. मी उत्तर लिहितेय ते त्या ओळीमुळे. हाच सल्ला मलाही मिळाला होता, तोही घरातूनच, आणि त्यावरून आमच्याकडे जे वाजलं ते अजून पुरतं मिटलेलं नाही.

मराठी लिहा. घरात मराठी बोलता ना? मग मराठी लिहा.

आधी तो फॉर्म काय आहे ते सांगते, कारण बहुतेकांचा गैरसमज तिथेच आहे. शाळेत नाव घालताना इतर कागदांबरोबर भाषेची एक प्रश्नावली भरून घेतात. मूल पहिल्यांदा कुठली भाषा बोलायला लागलं, घरात कुठली बोलतात, असे साधे प्रश्न असतात. उत्तरात इंग्रजीखेरीज दुसरी भाषा दिसली की शाळा मुलाचं इंग्रजी तपासते. न्यू जर्सीत त्यासाठी विडा या संस्थेची चाचणी वापरतात. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं असे चार भाग आणि १ ते ६ अशा पातळ्या. मुलाला पुरेसं इंग्रजी येत असेल तर तो ईएसएलमध्ये जातच नाही, सरळ वर्गात बसतो. म्हणजे "मराठी लिहिलं की टाकतात" हे मुळात खोटं आहे. मराठी लिहिलं की तपासतात, एवढंच. आणि इंग्रजी लिहिलं की बहुतेक वेळा कुणी तपासतच नाही. मूल वर्गात गप्प बसलं तर ते लाजाळू ठरतं, नाहीतर मठ्ठ.

माझी मुलगी सांगलीत मराठी शाळेत तिसरी करून आली. सुरुवातीला आम्ही मोठ्या भाऊजींकडे उतरलो होतो. ते इथे फार वर्षांपासून आहेत, इथल्या सगळ्या गोष्टी त्यांना माहीत, त्यामुळे शाळेचे कागद त्यांनीच पुढ्यात घेतले. भाषेच्या रकान्यात ते इंग्रजी लिहायला निघाले आणि मी हात धरला. ते म्हणाले, "शिक्का बसेल पोरीवर. वेगळ्या खोलीत त्या मेक्सिकन पोरांबरोबर बसवतील, वर्ष वाया जाईल." जाऊबाईंनीही मान डोलावली. नवरा दोघांच्या मध्ये अडकून गप्प. मी म्हटलं, घरात तिच्याशी इंग्रजीत कोण बोलतं ते दाखवा, मग लिहा. मराठी लिहिलं गेलं, पण त्या दिवशी कुणी धड जेवलं नाही.

"त्या मेक्सिकन पोरांबरोबर" हे बोलणं मला तेव्हाही खुपलं होतं, आजही खुपतं. आपली माणसं इथे येऊन स्वतः परकी असताना दुसऱ्या परक्याच्या पोरापासून आपलं पोर लांब ठेवायला बघतात. अमेरिकेत इंग्रजी शिकणारी अशी पन्नास लाखांवर मुलं सरकारी शाळांत आहेत, त्यातली तीनचतुर्थांश घरी स्पॅनिश बोलतात. त्यांच्या शेजारी बसण्यात कसला आलाय कमीपणा?

चाचणी झाली, मुलगी खालच्या पातळीवर आली आणि शाळेचं पत्र आलं. असं पत्र वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत यावं लागतं. मुलाची पातळी काय, कुठला कार्यक्रम देणार, तो कधी संपेल हे त्यात असतं. आणि पालकांना नकार देता येतो हेही लिहिलेलं असतं. भाऊजींना तेवढंच वाक्य दिसलं. "सही कर आणि बाहेर काढ." मी सही केली नाही. नकार दिला तरी दरवर्षीची इंग्रजीची चाचणी चुकत नाही, ती द्यावीच लागते. म्हणजे मदत सोडायची आणि परीक्षा तेवढी ठेवायची. असला व्यवहार कोण करेल?

खरी परीक्षा पुढे होती. पहिल्या काही आठवड्यांत वर्गशिक्षिकेची चिठ्ठी आली की मुलगी गणितात फार कच्ची आहे, तिला शिकण्यातच काही अडचण आहे का याची वेगळी तपासणी करावी असं वाटतं, भेटायला या. मला काही कळेना. तीसपर्यंतचे पाढे तोंडपाठ असलेली मुलगी. मी मराठी दुभाषा मागितला, कारण इतक्या महत्त्वाच्या बोलण्यात मला एकही गोष्ट चुकून निसटायला नको होती. फोनवर हिंदी बोलणाऱ्या बाई दिल्या. "इंडियन आहात ना," असं उत्तर मिळालं. मी तक्रार नोंदवली आणि तरीही बसले.

टेबलावर मुलीची वही होती. पानभर लाल फुल्या. ईएसएलच्या बाई तोपर्यंत काही बोलल्या नव्हत्या. त्यांनी वही ओढून घेतली, बराच वेळ बघितली आणि मला कोरा कागद देऊन म्हणाल्या, तुमच्याकडच्या शाळेत एक ते दहा कसे लिहितात ते लिहून दाखवा. मी लिहिलं. त्यांनी तो कागद वहीशेजारी ठेवला आणि वर्गशिक्षिकेला बोटानं दाखवत गेल्या. आमचा ७ इथे सहाचा आकडा म्हणून वाचला जात होता. ५ हा चारसारखा दिसतो, ४ आठसारखा. पोरगी इंग्रजी आकडे ओळखत होती, आपल्याकडे मराठी शाळेतही पहिलीपासून इंग्रजी आहेच, पण उत्तर घाईत लिहिताना हात सवयीनं देवनागरीकडे वळायचा. तीन अधिक चारचं उत्तर तिनं बरोबर लिहिलं होतं आणि त्यावर फुली होती. पानावरच्या बहुतेक फुल्या अशाच निघाल्या.

वेगळ्या तपासणीचा विषय तिथेच संपला. भाषा येत नाही आणि मूल शिकण्यात अडतंय या दोन गोष्टींची गल्लत करायची नाही हा इथला नियमच आहे, पण नियम कागदावर असतो, वहीत डोकं घालणारं माणूस लागतं. ते माणूस आम्हाला ईएसएलमुळे मिळालं. फॉर्मवर इंग्रजी लिहिलं असतं तर त्या टेबलाशी त्या बाई बसल्याच नसत्या. हे मी भाऊजींना सांगितलं, त्यावर ते म्हणाले, "एखादी बाई चांगली निघाली म्हणून काय झालं."

नाही, हा एका बाईच्या चांगुलपणाचा मामला नाही. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी मुलांना इंग्रजी वर्गात नुसतं बसवून ठेवलं होतं, त्यांच्या पालकांनी खटला भरला, आणि १९७४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं निकाल दिला. सगळ्यांना तेच पुस्तक, तेच शिक्षक, तेच बाक दिलं म्हणजे समान वागणूक झाली असं होत नाही. ज्याला भाषाच कळत नाही त्याला त्या शिक्षणातून काहीच मिळत नाही. लाऊ विरुद्ध निकोल्स म्हणतात त्या खटल्याला. पुढे १९८१ च्या कास्तान्येदा खटल्यात अपिलाच्या न्यायालयानं तीन कसोट्या घालून दिल्या: कार्यक्रमाला शास्त्रीय आधार हवा, तो चालवायला माणसं आणि साधनं हवीत, आणि त्याचा उपयोग होतोय का हे तपासलं पाहिजे. म्हणून शाळेत जाताना उपकार मागायला आल्यासारखं उभं राहू नका. मराठी दुभाषा मागा, तो फुकट मिळायला हवा. आणि मुलालाच दुभाषा करू नका, स्वतःबद्दलचं वाईट बोलणं त्यानं आईबापांना समजावून सांगायचं हे बरं नाही.

प्रत्यक्ष मदतीचं म्हणाल तर आमच्याकडे रोज एक तास वर्गाबाहेर ईएसएलचा असायचा, आणि काही वेळा त्या बाईच वर्गात येऊन तिच्या शेजारी बसायच्या. विज्ञानाचा जो धडा पुढच्या आठवड्यात वर्गात होणार, त्याचे शब्द त्या आधीच चित्रांसकट करून घ्यायच्या. शाब्दिक उदाहरणं आधी रेघांच्या पट्ट्यांनी काढायला लावायच्या, मग वाक्य. मुलगी कितीतरी दिवस वर्गात एक अक्षर बोलली नाही, त्यांनी तिला बोलायची सक्ती केली नाही. काही ठिकाणी दोन भाषांचे वर्ग असतात, निम्मं शिक्षण इंग्रजीत आणि निम्मं दुसऱ्या भाषेत. न्यू जर्सीचा नियम असा की डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेत, इंग्रजी शिकणारी दहा मुलं असली की ईएसएलचा कार्यक्रम हवा, आणि एकाच भाषेची वीस असली की द्विभाषिक कार्यक्रम हवा. पण मुलं वेगवेगळ्या इयत्तांत, वेगवेगळ्या शाळांत विखुरलेली असली की डिस्ट्रिक्ट त्यातून सवलत मागू शकतं. त्यामुळे मराठी-इंग्रजी वर्गाची आशा धरू नका, ईएसएलच धरा.

आता भाऊजींचं दुसरं ब्रीद: "सहा महिन्यांत पोरं फाडफाड बोलायला लागतात, हे सगळं कशाला?" बोलायला लागतात, खरं आहे. मैदानावरचं बोलणं लवकर येतं. पण समाजशास्त्राचं पान वाचून त्यावर चार ओळी स्वतःच्या लिहिणं वेगळं. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी हा फरक मांडला: रोजच्या बोलण्याला साधारण दोन वर्षं, अभ्यासाच्या भाषेला पाच ते सात. भाऊजींचा मुलगा इथेच जन्मला, बालवाडीपर्यंत घरात मराठीच बोलायचा, फॉर्मवर मात्र इंग्रजी. त्याची चाचणी कधी झालीच नाही. बोलतो सुरेख. पण सहावी-सातवीत वाचनात अडकायला लागला, आणि त्याचं कारण शोधायला खाजगी शिकवणीत पैसे गेले. पोराचा त्यात काडीचा दोष नाही. शाळेनं सुरुवातीला फुकट जे तपासलं असतं ते त्याला मिळू दिलं नाही.

आणि एका शिक्षकांनी सांगितलं म्हणून त्यांनी घरातलं मराठीही बंद केलं. सासूबाई फोनवर नातवाशी बोलायला आसुसतात आणि तो फोन बापाकडे देतो. कुणीही, कितीही शिकलेल्या माणसानं "घरी इंग्रजीच बोला" म्हटलं तरी ऐकू नका. माझ्या मुलीला बाष्पीभवन परिसर अभ्यासाच्या पुस्तकातून आधीच माहीत होतं. जलचक्र तिला नव्यानं शिकायचं नव्हतं, फक्त त्याची इंग्रजी नावं हवी होती. जे मराठीत पक्कं आहे ते इंग्रजीत नेणं सोपं जातं. तेव्हा तुमच्या मुलाला मराठीत वाचायला देत राहा, गोष्टी सांगा, वाद घाला त्याच्याशी. तुमच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीपेक्षा तुमची चांगली मराठी त्याच्या जास्त कामाची आहे. इथल्या महाराष्ट्र मंडळांच्या मराठी शाळाही आहेत, रविवारी असतात बऱ्याच ठिकाणी, त्यात घाला.

हे सगळं न्यू जर्सीचं झालं. कॅलिफोर्नियात, टेक्सासात, न्यूयॉर्कमध्ये चाचण्या वेगळ्या, नावं वेगळी. लहान डिस्ट्रिक्टमध्ये एकच ईएसएल शिक्षिका दोन-तीन शाळांत फिरते, तिथे आमच्याइतका वेळ मिळणार नाही. घर भाड्यानं घेण्याआधी डिस्ट्रिक्टला फोन करून हे विचारा. २०२५ पासून केंद्राच्या शिक्षण खात्यात हे काम बघणारी माणसंही फार कमी झालीत. लाऊचा निकाल आणि १९७४ चा समान शैक्षणिक संधीचा कायदा मात्र जागेवर आहे.

भाऊजींच्या भीतीतली एक गोष्ट मी मान्य करते. काही मुलं ईएसएलमध्ये वर्षानुवर्षं अडकून राहतात, आणि मोठ्या वर्गांत त्यापायी चित्रकला-संगीतासारखे विषय हातचे जातात. त्यावर उपाय खोटं लिहिणं हा नव्हे. दरवर्षी हिवाळ्याच्या सुमारास इंग्रजीची ती मोठी चाचणी होते, तिचे चारही भागांचे गुण मागून घ्या आणि मागच्या वर्षाशेजारी ठेवून बघा. आमच्या वेळी ईएसएलमधून बाहेर पडायला सहापैकी एकूण ४.५ पातळी लागायची. मुलगी बाहेर पडल्यावरही शाळा पुढे काही वर्षं तिच्यावर लक्ष ठेवून होती. लिहिण्याचे गुण सगळ्यात हळू चढतात, त्याला घाबरू नका, पण दोन वर्षं जागचे हलले नाहीत तर मात्र भेट मागा आणि आता काय वेगळं करणार हे विचारा.

येताना गुणपत्रिका आणि लसीकरणाचे कागद इंग्रजीत करून आणा. वयामुळे इयत्ता तुमच्या अंदाजापेक्षा वरखाली होईल, त्यावर भांडत बसू नका. पहिल्या वर्षी राज्याच्या इंग्रजी परीक्षेतून एकदा सूट मिळू शकते, गणिताची द्यावीच लागते. परीक्षेत अशा मुलांना जास्त वेळ मिळतो आणि इंग्रजी-मराठी शब्दकोश वापरता येतो. तो पुण्यातूनच घेऊन या, इथे दुकानात मिळत नाही. अर्थ समजावून सांगणारा जाडजूड कोश परीक्षेत चालत नाही, नुसता शब्दाला शब्द देणारा बघून घ्या.