घरी केलेल्या लाकडी लूअरला रंग कसा द्यावा? त्यासाठी एअरब्रश घ्यावाच लागतो का?

आपण पांगाऱ्याच्या लाकडातून मरळीसाठी काही लूअर, म्हणजे माशाला भुलवणारी नकली आमिषे, कोरले, त्यांना ॲक्रिलिक रंग दिला आणि गंगापूर धरणाच्या पाण्यात दोन-चार वेळा टाकताच रंगाचे पापुद्रे सुटू लागले, म्हणून आता एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारे साधन, घ्यावा का, असे आपण विचारले आहे. मी नाशिकमध्येच हा छंद करतो आणि माझ्या मते एअरब्रशचे पैसे सध्या वाचवावेत, कारण आपला दोष रंग लावण्याच्या पद्धतीत नसून रंगाच्या खाली आहे.

पांगारा हलका असल्यामुळे तरंगतो चांगला, परंतु पाणीही तितकेच पितो. लाकूड फुगले की वरचा रंग तडकतो, मग तो कितीही महागाचा असो. त्यामुळे आधी १८० आणि नंतर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, सुतार लाकडाची छिद्रे बुजवायला वापरतात तो सँडिंग सीलर पातळ करून दोन-तीन हात द्यावेत आणि प्रत्येक हात वाळल्यावर उभे राहिलेले तंतू पुन्हा हलके घासून काढावेत. पाणी शिरण्याची खरी वाट म्हणजे गळ अडकवण्यासाठी बसवलेल्या कडीच्या स्क्रूचे छिद्र. तेथे इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारा चिकट पदार्थ) भरूनच स्क्रू पिळावा आणि गळ मात्र सर्व काम संपल्यावर लावावेत.

सीलरवर पांढरा प्रायमर आवश्यक आहे. फ्लुरोसंट पिवळा किंवा नारिंगी रंग उघड्या लाकडावर मळकट दिसतो आणि पांढऱ्यावर उजळतो. उलट चंदेरी व सोनेरी धातूरंग काळ्या थरावर अधिक चमकतात. रंग नेहमी फिक्याकडून गडदाकडे न्यावा, म्हणजे आधी पोट, मग कुशी आणि शेवटी पाठ. पाठ आणि कुस यांच्यामधली सीमारेषा ब्रशने काढू नये. स्पंजचा लहान तुकडा रंगात बुडवून, आधी कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करावा आणि मग हलक्या हाताने थापावा, म्हणजे एअरब्रशविना रंग एकमेकांत मिसळतात. खवल्यांसाठी मेन रोडवरच्या कापडाच्या दुकानातून जाळीचे कापड आणून ते लूअरभोवती ताणून चिमट्यांनी पकडावे आणि वरून त्याच स्पंजाने थापावे. जाळी उचलताना ती सरकू न देता सरळ वर उचलावी, अन्यथा खवले पुसटतात. नमुना म्हणून बाजारातून चिलापीचे एक लहान पिल्लू आणून समोर ठेवावे. त्याच्या कुशीवरचे उभे काळसर पट्टे कोठे सुरू होतात आणि कोठे विरतात, हे छायाचित्रापेक्षा प्रत्यक्षात नीट कळते. डोळ्यासाठी ब्रशच्या मागच्या टोकाने पिवळा ठिपका द्यावा आणि तो वाळल्यावर टाचणीच्या डोक्याने काळा.

आपले लूअर पृष्ठभागावर चालणारे असतील, तर मरळीला खालून आकाशाच्या उजेडात केवळ पोट आणि आकाराची सावली दिसते. अशा लूअरची पाठ खुशाल भडक पिवळी ठेवावी, कारण ती आपल्याला दुरून दिसण्यासाठीच असते. पाण्याखाली चालणाऱ्या लूअरसाठी मात्र पावसाळ्यातल्या गढूळ गोदावरीत काळा किंवा भडक रंग आणि हिवाळ्यातल्या नितळ पाण्यात चंदेरी-हिरवा, एवढा भेद मी पाळतो. दुकानातले बरेचसे झगमगते रंग मासे पकडण्यापेक्षा गिऱ्हाईक पकडण्यासाठी असतात, असे माझे मत आहे.

शेवटच्या पारदर्शक थरावर लूअरचे आयुष्य ठरते. झटपट सुकणारी इपॉक्सी टाळावी, कारण ब्रश फिरवता फिरवताच ती घट्ट होते आणि पुढे पिवळी पडते. हस्तकलेच्या दुकानात मिळणारे संथ सुकणारे पारदर्शक इपॉक्सी रेझिन घ्यावे. डब्यावर दिलेले दोन्ही भागांचे प्रमाण अंदाजाने न घेता मोजूनच घ्यावे, कडा खरवडत सावकाश मिसळावे आणि हातमोजे घालावेत. ओघळ येऊ नयेत म्हणून लूअर सतत फिरता हवा. त्यासाठी गणपतीच्या देखाव्यात चक्र फिरवायला लावतात ती संथ फिरणारी छोटी मोटर पुरेशी आहे आणि ती इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. ऐन पावसाळ्यात हवेतल्या ओलाव्यामुळे या थरावर धुरकट, चिकट साय येते, तर नाशिकच्या थंडीत रेझिन घट्ट होऊन बुडबुडे अडकतात. थंडीत डबे कोमट पाण्यात ठेवून मग मिसळावेत. पावसात शक्यतो हे काम करूच नये.

रेझिन दुसऱ्या दिवशी हाताला कोरडे लागले, तरी पूर्ण कडक होण्यास आणखी काही दिवस द्यावेत. तयार लूअर मऊ रबरी किड्यांच्या किंवा बेडकांच्या कप्प्यात ठेवू नयेत; त्या रबरातील तेलकट द्रव्याने रंग आणि वरचा थर दोन्ही चिकट होऊन विरघळू लागतात.